विहिरीतल्या कासवाचं काळीज

१ डिसेंबर १९३६, मंगळवार

आज शाळा समितीच्या बैठकीत तोंडाला आलं ते बोलून बसलो आणि आता निस्तरणं माझ्याकडे आलं आहे. शास्त्राच्या वर्गाला कायमची मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला इन्स्पेक्टर साहेब याच महिन्यात अकोल्याहून येणार, असं हेडमास्तरांनी सांगितलं. मान्यता मिळाली तर मी कायम. नाही मिळाली तर मार्चनंतर वर्ग बंद आणि मी दुसऱ्या गावी नोकरी शोधायची. समितीतले एक गृहस्थ पान चघळत म्हणाले, "मास्तर फळ्यावर चित्रं काढतात. चित्रं तर ड्रॉइंग मास्तरही काढतात." मला राग आला. मी म्हटलं, "सरपटणाऱ्या प्राण्याचं चालतं हृदय टेबलावर दाखवीन." हेडमास्तरांनी ते लगेच कार्यक्रमपत्रिकेत घालून टाकलं.

मळ्याकडे परत येताना अर्ध्या वाटेत लक्षात आलं की हा डिसेंबर आहे. साप, सरडे, घोरपडी सगळे थंडीनं बिळात जाऊन पडलेले. पावसाळ्यात आमच्या वर्गाच्या कौलांतून साप पडला होता, तेव्हा कुणी इन्स्पेक्टर आला नाही.

घरी वैनी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. दादा गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून मळा त्याच पाहतात. माझं नागपूरचं कॉलेजही त्यांच्या वांग्या-मेथीवर झालं, आणि ते मी विसरू नये याची काळजी सगळं वाशीम घेतं. त्यांना मान्यतेची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मंग मार्चनंतर तुमी इथून जासान?"

"नाई मिळाली तं जावं लागन."

त्या पुढची जुडी बांधायला लागल्या. शास्त्राबद्दल एक प्रश्न नाही.

४ डिसेंबर, शुक्रवार

कुंपणाच्या निवडुंगात एक सरडा सापडला, थंडीनं अर्धमेला. शाळेत नेऊन उघडला. हृदय हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. पुढच्या बाकावरच्या दोघांनी पाहिलं म्हणून सांगितलं, ते खरं सांगत होते असं वाटत नाही. मागचे बाक एकमेकांच्या खांद्यांवर चढले, दौत सांडली, आणि त्या गडबडीत सरडा कुठला आणि शाई कुठली हेही कळेनासं झालं.

चिडून शेवटी फळ्याकडेच गेलो. वरती दोन कप्पे. उजव्यात शरीरभर फिरून आलेलं काळपट रक्त येतं, डाव्यात फुप्फुसांतून आलेलं लाल. इथवर आपल्यासारखंच. खाली मात्र आपल्याला दोन कप्पे आणि मधे पक्की भिंत असते, सरड्याला खाली एकच कप्पा आणि मधली भिंत अर्धीच. एक मुलगा म्हणाला, "मंग सर, दोनी रक्तं मिसळून जात असतीन." नाही मिसळत, हीच तर गंमत आहे. आतल्या स्नायूंच्या घड्या आणि ठोक्याची वेळ अशी साधलेली असते की काळं रक्त बहुतेक फुप्फुसाकडे जातं आणि लाल बहुतेक शरीराकडे. हे डोळ्यांनी दाखवता आलं तर कोणीही चकित होईल. पण हरभऱ्याच्या दाण्यात काय दाखवू?

६ डिसेंबर, रविवार

तांड्यावरचा रूपला लाकडाची मोळी घेऊन आला. त्याला म्हटलं, घोरपड आणून दे, मोठी, जिवंत. तो म्हणाला, "एका दिवसाचं काम हाये मास्तर. बीळ मले ठाऊक हाये." चला, एक काळजी मिटली.

१० डिसेंबर, गुरुवार

रूपलाचा पत्ता नाही.

हेडमास्तरांनी सगळा पाठ आधी एकदा ऐकवून दाखवायला सांगितला. मी माशापासून सुरुवात केली. माशाचं हृदय दोन कप्प्यांचं, एका ओळीत, रक्त एकदाच आत येतं आणि कल्ल्यांकडे निघून जातं. बेडूक पाण्याबाहेर आला, फुप्फुसं आली, तसे वरचे कप्पे दोन झाले. सरड्यात खालच्या कप्प्यात भिंत उभी राहू लागली. मगरीत ती पुरी झाली. पक्ष्यांत आणि आपल्यात पुरीच आहे. हेडमास्तर खूश झाले. म्हणाले, "म्हणजे चौथीपासून मॅट्रिकपर्यंत. आपण मॅट्रिक, सरडा नापास."

मी म्हटलं, तसं म्हणता येत नाही. मगरीची भिंत पुरी झाली, पण हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांच्या मुळाशी, भिंतीच्या बाहेर, एक भोक राहिलेलंच आहे. भिंत पुरी करायची आणि शेजारी खिडकी ठेवायची, याला नापास कसं म्हणावं? कोट्यवधी वर्षं लोटली, आपल्या आधीपासून हे प्राणी आहेत, आणि अर्धी भिंत घेऊन धडधाकट आहेत.

"हे इन्स्पेक्टरसमोर काढू नका," हेडमास्तर म्हणाले. "साहेबांना सरळ चढती शिडी आवडते."

तेही मान्य केलं. पण भिंतीची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पुस्तकात "अपूर्ण" असं लिहिलं आहे. अपूर्ण म्हणजे कुणाच्या दृष्टीनं, ते पुस्तकात नाही.

१३ डिसेंबर, रविवार

रूपला आला. हात हलवत. घोरपड मिळाली होती, "ही एवढी" म्हणून त्यानं दोन्ही हात पसरून दाखवली. मग कुठे आहे? "मायचे गुडघे लय धरले होते मास्तर. चरबीचं तेल काढलं."

"अन् बाकीची?"

तो जमिनीकडे पाहायला लागला. बाकीची अर्थात खाल्ली. मी म्हटलं, निदान हृदय तरी ठेवायचं. तो म्हणाला, "तेच तं पोरायनं पहिले खाल्लं." दुसरी आणतो म्हणाला. मी हात जोडले.

१६ डिसेंबर, बुधवार

रोज सकाळी विहिरीवरच्या गोंधळानं झोपमोड होते. आज वैताग आला म्हणून उठून गेलो. मोटेवरचा गडी दिवाळीला पळाला तेव्हापासून वैनी स्वतःच बैल हाकतात. पहिली मोट सोडण्याआधी त्या विहिरीच्या काठावर वाकून दगडानं ठकठक करतात आणि खाली ओरडतात, "सरक बाप्पा, मोट येऊन राह्यली." दगड ठोकला की खालचं कासव कडेला होतं, मोटेखाली सापडत नाही. विहिरीला पाणी लागलं त्या वर्षी दादानं ते सोडलं. विहिरीत कासव असलं की पाणी नितळ राहतं, असं इकडे सगळेच मानतात.

एवढ्यावर थांबलं तर मी काही म्हणणार नाही. पण मग वैनी तशाच वाकून खाली सांगत बसतात: काल वांगी काय भावानं गेली, कांद्याच्या रोपाला कीड लागली, डावा बैल लंगडतो. दोन वर्षं हे रोज चाललं आहे. मी आज म्हटलं, "वैनी, कासवाले कांद्याचा भाव सांगून काय फायदा?" त्या म्हणाल्या, "फायद्यासाटी कोन सांगते?" आणि मोट सोडली.

मी अंगावर घोंगडी घेऊन तिथेच उभा राहिलो. पाणी हललं, आणि ते वर आलं. थाळीएवढी पाठ. थंडीत सुस्त, पण जागं.

मी गाढव आहे. दोन आठवडे निवडुंगात सरडे शोधतो आहे आणि घराच्या विहिरीत थाळीएवढा सरपटणारा प्राणी पोहतो आहे.

१८ डिसेंबर, शुक्रवार

वैनीला विचारलं. सरळ विचारलं, आडून नाही: "शाळेत दाखवाले कासव पायजे. त्याचं काळीज कसं चालते ते उघडून दाखवाचं हाये. इन्स्पेक्टर खूश झाला तं मी इथंच राहीन."

त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता हात थांबला. "दुसरं नाई का काई?"

"ह्या दिसांत दुसरं काईच नाई."

"दुखन ना त्याले?"

"औषध देऊन झोपवतो. त्याले काईच कळनार नाई."

मग त्यांनी शेजारच्या दौलतरावांची गोष्ट काढली. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांचं पोट कसं फाडलं, त्यांना औषध हुंगवून कसं झोपवलं, आतलं कसं नीट केलं, आता ते कसे नांगर धरतात. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. मी हो हो करत राहिलो. भाकरी करपली, तरी गोष्ट चालूच. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं नाही. बायकांना एक विचारावं तर गाडी भलतीकडेच जाते.

२० डिसेंबर, रविवार

वैनी आज आपणहून म्हणाल्या, "न्या. पन सांभाळून करा. तुमचा हात हलका हाये, लहानपनी काटे काढाचे तुमी सगळ्यायचे."

मिळालं. मला वाटलं होतं, रडारड होईल. तसं काही झालं नाही. शिकलेल्या माणसाच्या घरात राहून थोडं शास्त्र त्यांच्याही डोक्यात शिरलं असावं.

२२ डिसेंबर, मंगळवार

इन्स्पेक्टर आज यायचे होते म्हणून कासव पहाटेच काढलं. मी पायऱ्यांनी उतरलो, आणि ते पळालंही नाही. वैनींनी हाक मारली तशी काठाशी आलं. घंगाळात ठेवलं. त्यावर वैनींनी हळदकुंकू वाहिलं, समोर मेथीची पानं टाकली, कानाशी (कासवाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण असो) काहीतरी बोलल्या. मला उशीर होत होता. मी म्हटलं, आवरा.

शाळेत पोचलो तर निरोप आला. साहेबांची गाडी जऊळक्याला थांबली, तिथे एका पाटलांनी त्यांना हुरड्याला उतरवून घेतलं. उद्या येतील. सबंध वर्ग धुतलेले सदरे घालून बसलेला. हेडमास्तरांनी हार पाण्यात ठेवले. मी घंगाळ डोक्यावर घेऊन परत मळ्यात. रस्त्यावर तिघांनी विचारलं, "मास्तर, बारसं हाये का?"

वैनी मला पाहून हसल्या. मोकळं हसल्या, कितीतरी दिवसांनी. "झालं? इतक्या लौकर?" झालं नाही म्हटल्यावर त्यांचं हसू गेलं. दुपारभर त्यांनी घंगाळ उन्हात, मग सावलीत, मग पुन्हा उन्हात केलं.

मीही बसून पाहत होतो, दुसरं काय करणार? घंगाळाच्या तळाशी ते इतका वेळ श्वास न घेता बसतं की माणूस कंटाळून उठतो. तेव्हा सुचलं. पाण्याखाली फुप्फुसं बंद. मग फुप्फुसांकडे रक्त पाठवायचं कशाला? आपल्या हृदयात पक्की भिंत आहे, म्हणून श्वास असो नसो, जेवढं रक्त शरीराला तेवढंच फुप्फुसांना पाठवावंच लागतं. याची भिंत अर्धी आहे. त्यामुळे हे रक्त वळवू शकत असेल. वैनी पाटाला मातीचं ढेकूळ लावून वांग्याचं पाणी मिरचीकडे वळवतात तसं. वाफा भरलेला असताना त्यात पाणी कोण सोडतं? मग ही भिंत अपूर्ण नाही, सोयीची आहे. असं असेलच असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण मला फार आनंद झाला. वैनींना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हनजे त्याले दम धरता येते. ते बरं हाये. उद्या कामी येईन."

माझं एवढं मोठं अनुमान, आणि हे उत्तर.

२४ डिसेंबर, गुरुवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहून काढतो.

काल सकाळी क्लोरोफॉर्मचा बोळा टाकून कासवाला पेटीत ठेवलं. इन्स्पेक्टर येऊन चहा घेऊन बसले, तरी ते जागंच. दम धरता येतो याची मी आदल्या दिवशी वाहवा केली होती. त्यानं दम धरला. औषध आत जायला श्वास घ्यावा लागतो, तो ते घेईचना. हेडमास्तर दारातून डोळे वटारत होते. शेवटी मला मानेमागून सळई घालून मेंदू नष्ट करावा लागला. तो कसा केला ते इथे लिहीत नाही. वैनींना मी सांगितलं होतं, काही कळणार नाही.

सुताराच्या करवतीनं पोटाचं कवच कापून झाकणासारखं उचललं. आणि दिसलं. सगळ्यांना दिसलं, शेवटच्या बाकालाही. वरचे दोन कप्पे, एक जांभळट, एक लालभडक, एकदम आवळायचे आणि मग खालचा. आणि त्या खालच्या एकाच कप्प्यात एका अंगाला गडद, दुसऱ्या अंगाला उजळ, दोन रंग शेजारी शेजारी. भिंत पुरी नाही, तरी दोन रंग. माझा आवाज चिरकला. मी शिडीचं सगळं विसरलो आणि अर्ध्या भिंतीचं सांगत सुटलो, पाण्याखालचं, पाट वळवण्याचं, सगळं. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. पण इन्स्पेक्टर खुर्चीतून उठून टेबलाशी आले. "मेंदू नाही, तरी हे चालतंय?" मी म्हटलं, हृदयाला मेंदूचा हुकूम लागत नाही. ठोक्याची सुरुवात त्याच्या स्वतःच्या स्नायूंतून होते. शिवाय थंड रक्ताच्या प्राण्याचा खर्च फार थोडा, हवा थोडी पुरते. म्हणून धडाचं सगळं संपलं तरी ते चालत राहतं. साहेबांनी बोटानं हळूच स्पर्श केला, आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. ते समितीला म्हणाले की असा पाठ त्यांनी नागपुरातही पाहिला नाही.

जेवणं झाली, भाषणं झाली, हार झाले. हृदय चालूच होतं. हेडमास्तर म्हणाले, आता हे उचला. मी कवच वर ठेवलं, ओल्या फडक्यानं झाकलं आणि घंगाळ घेऊन मळ्यात आलो. हलकं वाटत होतं. वाटेत मी चक्क गुणगुणत होतो.

वैनी ओट्यावर बसल्या होत्या. समोर गरम पाणी, हळदीची वाटी, धुतलेलं जुनं लुगड्याचं फडकं, आणि दाभणात ओवलेला दोरा.

"दाखवून झालं?" त्या म्हणाल्या. "आना इकडं. शिवा लवकर, लय वेळ झाला."

तेव्हा मला कळलं. दौलतरावांची गोष्ट, हलका हात, दम कामी येईल, सगळं एकदम कळलं, आणि मी तिथेच घंगाळ धरून उभा राहिलो. त्यांनीच फडकं उचललं, झाकण बाजूला केलं आणि आत पाहिलं.

"चालू हाये," त्या म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं दिसलं. "मी म्हनलंच होतं, टिकन ते."

"वैनी, ते मेलं हाये."

"काहून? हे पाहा ना, चालू हाये."

मी समजवायला लागलो. मेंदू, स्नायू, थंड रक्त, सकाळी वर्गात सांगितलं ते सगळं. त्या ऐकत होत्या आणि माझा आवाज चढत होता, कारण त्या मान हलवत नव्हत्या. मी म्हटलं, "काळीज चालू हाये म्हनून जीव हाये असं नाई. एवढी साधी गोष्ट तुमाले काहून समजत नाई?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमचे दादा गेले तवा मी त्यायच्या छातीवर हात ठेवून होती. छाती ऊन होती. डाक्टर म्हने, ठोका थांबला, आता काई नाई. मी मानलं. बांगड्या फोडल्या. आता हे समोर ठोके देऊन राह्यलं अन् तुमी म्हनता मेलं. मी कोनतं मानू, सांगा."

मला बी.एस्सी.त हे शिकवलेलं नाही.

"शिवा," त्या म्हणाल्या.

"शिवून काईच होनार नाई वैनी."

"नोको होऊ. शिवा."

मी शिवलं. कवच जागेवर बसवलं, कडेची कातडी ओढून दाभणानं टाके घातले. त्यांनी वरून हळद दाबली. मग त्यावर तळहात ठेवून बसल्या. आतला ठोका हाताला लागत होता की नव्हता कोण जाणे, मी विचारलं नाही. दिवेलागणीच्या सुमारास त्या हलक्या आवाजात बोलायला लागल्या: वांग्याला आज बाजारात उठाव नव्हता, कांद्याची रोपं सावरली, डाव्या बैलाला नाल मारायला पाहिजे. मी तिथून उठून मळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

आज सकाळी त्यांनी केळीच्या बुडाशी खड्डा करून ठेवला होता. मी म्हटलं, मी पुरतो. त्या म्हणाल्या, "राहू द्या. तुमाले शाळा हाये." शाळेला आजपासून नाताळची सुटी आहे.

२ जानेवारी १९३७, शनिवार

मान्यता आली. मी कायम झालो. हेडमास्तरांनी पेढे वाटले आणि जाहीर केलं की कासवाचा पाठ आता दर वर्षी डिसेंबरात व्हायचा, आजूबाजूच्या शाळांनाही बोलवायचं. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "कासवांची सोय तुमच्याकडे आहेच." मी हसलो. दुसरं काय करायचं?

पेढे वैनींना दिले. त्यांनी एक देवापुढे ठेवला, मला म्हणाल्या, "आता तुमी कुठं जात नाई. बरं झालं." त्यांना बरं वाटलं आहे यात शंका नाही. खोटं त्या बोलत नाहीत.

पण सकाळी आता मोट थेट सुरू होते. दगडाची ठकठक नाही, बोलणं नाही, नुसती चाकाची करकर. झोप मोडत नाही, एवढं सुख. तरी मी त्याच वेळेला जागा होतो आणि पडून राहतो. काल मुद्दाम विचारलं, मेथी काय भावानं गेली. त्या म्हणाल्या, "तुमाले काय करायचं हाये भाजीचं?" आणि खरंच, मला काय करायचं आहे? मी कधी विचारलं होतं?

बिनबुडाचा वैताग आला आहे. माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडत नाहीत. वेळेवर भाकरी वाढतात.

१० जानेवारी, रविवार

रूपलाला मीच सांगितलं होतं. पैनगंगेच्या डोहातून त्यानं आज कासव आणलं, तळहाताएवढं, पोत्यात गुंडाळून. या वेळी खाल्लं नाही. "मायनं सांगतलं, गोजरामावशीसाठी हाये, हात लावू नोको," म्हणाला. गोजरा हे वैनींचं नाव. म्हणजे तांड्यापर्यंत सगळ्यांना सगळं ठाऊक आहे.

इथे कुणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहितो. ते आणवताना माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. एक, वैनींची विहीर रिकामी राहू नये. दुसरी, एकदा विहिरीत राहिलं की वाढेल, आणि कधीतरी डिसेंबरातली माझी धावाधाव वाचेल. दोन्ही एकाच वेळी होत्या आणि मला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

वैनी थारोळ्याशी उभ्या होत्या. मोटेचं पाणी जिथे पडतं तिथे त्या नेहमी एका हातानं केरकचरा काढत असतात. मी पोतं सोडून दाखवलं. कासवानं डोकं आत ओढून घेतलं. मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांनी हात पुढे केला नाही.

"हे कोनाचं हाये?" त्यांनी विचारलं. "माह्या विहिरीचं का तुमच्या शाळेचं?"

रूपला माझ्याकडे पाहायला लागला. हाकणारं कुणी नव्हतं, बैल आपोआप थांबले.

"विहिरीचं," मी म्हटलं.

"मंग तुमी सोडा तुमच्या हातानं. आमी सोडलेलं तुमी काढता."

पायऱ्यांवर शेवाळ होतं. मी धोतर खोचून सांभाळून उतरलो आणि ते पाण्यात ठेवलं. ते लगेच बुडालं, मागे वळूनही पाहिलं नाही. वर आलो तेव्हा वैनी बैलांचे नाडे सोडत होत्या.

"पुढच्या साली साहेब आले तं काय सांगसान?"

"नाई म्हनून सांगीन."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. "पाहू," म्हणाल्या, आणि बैलांना दाव्याला बांधायला गेल्या. वैताग असा की माझी मलाही त्या 'पाहू'एवढीच खात्री आहे.